कुणी लिहून घेतलं?

जनाबाईच्या गाथेत एक अभंग आहे. त्यात भक्तीचा उमाळा नाही, दळणकांडण नाही, विठ्याला घातलेल्या शिव्या नाहीत. म्हणून तो फारसा कुणी गात नाही, आणि माझ्या पाहण्यात तरी तो कुठल्या पाठ्यपुस्तकात लागलेला नाही. ती चक्क यादी आहे. कोणत्या संताचं बोलणं कुणी लिहून घेतलं, एवढंच त्यात सांगितलंय. ज्ञानदेवांचे अभंग चिदानंदबाबांनी लिहिले. ‘निवृत्तीचे बोल लिहिले सोपानें, मुक्ताईची वचनें ज्ञानदेवें.’ चांगदेवाचं लिहिणारा शामा कासार. सावता माळ्याचं काशिबा गुरवानं लिहिलं, चोखामेळ्याचं अनंतभट्टानं. आणि सगळ्यांत शेवटी, नामयाच्या जनीचं लिहून घेतलं पांडुरंगानं.

अभ्यासकांना यातल्या ओळीओळीवर वाद घालता येईल आणि तो त्यांनी जरूर घालावा. मला मात्र ही यादी फार आवडते. धाकटी बहीण सांगते आहे आणि ज्ञानेश्वरी सांगणारा थोरला भाऊ खाली मान घालून तिचं लिहून घेतो आहे. ज्याला देवळाची पायरी चढू देत नाहीत तो बोलतो आहे आणि ब्राह्मणाच्या हातातला बोरू त्याच्यामागून चालतो आहे. शेवटच्या ओळीपाशी मी वर्गात थांबते. बाकी सगळ्यांना माणसं मिळाली, जनीला देव का मिळाला? दासीचं बोलणं लिहून घ्यायला कुणी बसलं नसेल, असं मी सुचवून पाहते. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग तिचं तिनंच लिहिलं असंल. आन् कुनी विचारलं तर विठ्ठलाचं नाव सांगितलं असंल.” संतसाहित्यावरचे जाड ग्रंथ मी पुष्कळ चाळलेत. त्या एका वाक्याइतकं मला त्यातलं फार थोडं आठवतं.

आमचं कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण बोलण्यात अजून नगरच येतं.) नेवासा आम्हाला जवळ, त्यामुळे मराठी विभागाची सहल ठरलेली. प्रवरेच्या काठचं देऊळ, आत तो खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली असं मानतात. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ लिहिलं ते या खांबावरून. पोरं खांबाबरोबर फोटो काढतात, प्रसाद घेतात आणि चहासाठी गाडीवाल्यामागे भुणभुण लावतात. त्यांना आत ओढून मी एक ओवी म्हणून दाखवते. ज्ञानेश्वरीच्या अगदी शेवटची:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ‘ज्ञानेश्वरी कोणी लिहिली?’ हा एका गुणाचा प्रश्न आम्ही शाळेपासून विचारत आलोय आणि त्याचं उत्तर ग्रंथ स्वतःच वेगळं देतो. सांगितली एकानं, लिहिली दुसऱ्यानं. नऊ हजारांवर ओव्या! या सच्चिदानंदबाबांबद्दल दंतकथा एवढीच, की ते वारले होते, त्यांची बायको सती निघाली होती, ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवलं आणि मग ते लिहायला बसले. दंतकथा बाजूला ठेवली तरी त्या हाताचं नवल उरतंच. समोरचा बोलत सुटलाय, उपमांवर उपमा येताहेत, आणि हा माणूस बोरू बुडवून लिहितोय. मध्येच कधी “थांबा, मागची परत सांगा” म्हणाला असेल का? एखादा शब्द त्याला नीट ऐकू आला नसेल तर त्यानं काय केलं असेल?

पुढच्या तीनशे वर्षांत काय झालं ते आपल्याला माहीत आहे. नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, हौशी मंडळींनी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घुसडल्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी बसून प्रत शुद्ध केली आणि वर सज्जड दम भरला, की ज्ञानेश्वरीत जो कुणी आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. एवढा सौम्य माणूस असं बोलतो तेव्हा घुसडणाऱ्यांनी किती उच्छाद मांडला असेल! नकलणारा हात नुसता नकलत नाही, त्याला मध्ये बोलायची खोड असते.

ही खोड मला रोज दिसते, कारण मी प्रकल्पांच्या वह्या तपासते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना अंतर्गत गुणांसाठी प्रकल्प करावा लागतो. पूर्वी विषय ठरलेले असत. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’, ‘संतकाव्यातील सामाजिक आशय’ वगैरे. हे प्रकल्प कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, स्पायरल बाइंडिंग आणि ‘ऋणनिर्देश’ धरून. ऋणनिर्देशात माझे आभार मानलेले असायचे, एकदा तर माझ्या आधीच्या सरांचे. मग मी विषय बदलला. घरातलं, भावकीतलं, वस्तीवरचं एखादं माणूस धरा, शक्यतो न शिकलेलं. त्याला बोलतं करा. तो बोलेल तसं लिहून आणा. दहा पानं पुरेत.

आमच्याकडे निम्मी पोरं ऊसतोडीच्या घरातली. पाथर्डी, शेवगाव, पलीकडे बीडचा पट्टा. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला जातात, ते उन्हाळ्यात परततात. वर्गातली हजेरी सुद्धा त्या हिशेबानं वरखाली होते, कारण घरी म्हातारं माणूस आणि धाकटी भावंडं असतात आणि त्यांच्यापाशी कुणीतरी थांबायला लागतं. त्यामुळे बोलायला माणसं होती, विषयही होते. मुकादमाकडून घेतलेली उचल दरसाल कशी अंगावर राहते, एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी कशी धरतात, फडावर रात्री गाडी भरायची वेळ आली की तान्ह्या लेकराचं काय करतात. शिवाय बैल विकल्याची हकिकत, विहिरीला पाणी लागलं त्या दिवसाची हकिकत, एका आत्यानं सांगितलेली पुरणाची रीत, ज्यात एकही माप नव्हतं.

पण पहिल्या वर्षी वह्या आल्या आणि मी कपाळाला हात लावला. सगळ्या आया एकाच भाषेत बोलत होत्या. ‘आई म्हणाली की, आम्ही अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत जीवन व्यतीत केले.’ ‘आजोबांनी सांगितले की, बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे.’ पाथर्डी तालुक्यातली कुठली बाई जीवन व्यतीत करते? मी त्या पोराला बोलावलं.

“आई असं बोलली?”

“नाय मॅडम.”

“मग काय म्हणाली?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “ती म्हन्ली, दिस ढकलले.”

“मग तेच का नाही लिहिलंस?”

“लिहायचं म्हनल्यावर चांगलं लिहावं लागतं ना, मॅडम.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. बालवाडीपासून बारावीपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या ‘पानी’खाली तांबडी रेघ मारली. ‘व्हतं’वर मारली, ‘माझं’ऐवजी येणाऱ्या ‘मपलं’वर तर फुलीच. घरचं बोलणं वहीत आणायचं नसतं हे तो चांगल्या विद्यार्थ्यासारखा शिकला होता, आणि आईबद्दल त्याला प्रेम होतं म्हणून तिला त्यानं चांगले कपडे घालून माझ्यापुढे आणलं होतं. प्रमाणभाषेशी माझं भांडण नाही, ती शिकवूनच माझं पोट भरतं. अर्ज, बातमी, निबंध प्रमाण मराठीतच हवा. पण साक्ष देणाऱ्याच्या तोंडचं वाक्य बदलायचा अधिकार साक्ष लिहून घेणाऱ्याला नसतो, हे कोर्टातल्या कारकुनाला कळतं आणि मराठीच्या वर्गात सांगावं लागतं.

मला हे कळायला शाळा लागली नव्हती, कारण मी लहानपणी पत्रं लिहून द्यायचे.

आमच्या गल्लीत एक आक्का होत्या. त्यांचा नवरा भिवंडीला मागावर. महिन्या-दोन महिन्यांनी त्या निळं अंतर्देशीय घेऊन यायच्या आणि पाटावर बसायच्या. मी चौथी-पाचवीत असेन. पत्राचा मायना मला पाठ होता, शाळेत तो घोकून घेतलेला. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, मोठ्यांस नमस्कार लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा. पहिली अडचण पत्त्याची. आक्का नवऱ्याचं नाव कसं घेणार? त्या मागच्या पत्राची पाठ पुढे करायच्या आणि नावावर बोट ठेवायच्या. पुढचा मजकूर मात्र त्या धडाधड सांगायच्या आणि मी मायन्याच्या चौकटीत तो बसवायचे. पत्र संपलं की आक्का म्हणायच्या, “आता वाच.” मी वाचायचे. एकदा मी वाचलं, ‘इकडे सर्व खुशाल आहे.’ आक्कांनी हात वर केला.

“खुशाल कोन म्हन्लं?”

“असं लिहायचं असतं.”

“तू खुशाल आसशील. म्या नाय म्हन्ले. खोड ते.”

अंतर्देशीयावर खाडाखोड करायची मला लाज वाटत होती. त्यांना अजिबात नव्हती. तिन्ही घड्यांवर मजकूर झाला, डिंकाच्या कडेला पण दोन ओळी झाल्या, आणि ‘खुशाल’ खोडलेलं ते पत्र भिवंडीला गेलं. आक्कांना अक्षर येत नव्हतं, पण आपलं बोलणं कागदावर गेल्यावर आपलं राहिलंय का, हे तपासायची पक्की रीत त्यांच्याकडे होती. लिहून झालं की परत वाचून दाखवायला लावायचं.

म्हणून दुसऱ्या वर्षीपासून मी प्रकल्पाला तीन कलमं जोडली. वही मला देण्याआधी ज्याचं बोलणं आहे त्याला वाचून दाखवायची. तो जिथं “हे म्या म्हन्लो नाय” म्हणेल तिथं दुरुस्त करायचं, दुरुस्ती तशीच दिसू द्यायची. आणि प्रत्येक नोंदीखाली लिहायचं: कोण बोललं, कुठं बसून, कोणतं काम करता करता.

हे तिसरं कलम मी म्हाइंभटाकडून उचललंय. तेराव्या शतकातला हा महानुभाव पंथातला विद्वान. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्यांच्या मदतीनं त्यानं स्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून मिळवून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठी गद्याचा आरंभ आम्ही त्याच्यापासून शिकवतो. पण आरंभ म्हणजे काय, ते मुलांना पानं उघडून दाखवल्याशिवाय कळत नाही. स्वामी कुठं होते, कोणत्या देवळात, चौकात की पडवीत, कोण सोबत होतं, कुणी काय विचारलं, मग स्वामी काय म्हणाले. नगर जिल्ह्यातलं गोदाकाठचं डोमेग्राम त्यात येतं, पैठण येतं, ऋद्धिपूर येतं. बायका येतात आणि आपल्या शब्दांत बोलतात, कधी स्वामींनाच उलट विचारतात. आणि एकाच प्रसंगाची दोन माणसांची आठवण जुळत नसेल तर? परंपरेनं तिथं एकाला खोटं पाडलं नाही. अमक्याची ‘वासना’ अशी, असं म्हणून दुसरी आठवण शेजारी नोंदवून ठेवली. पुढे मूळ पोथी परचक्रात गेली आणि पुन्हा माणसांच्या स्मरणातूनच ती उभी करावी लागली असं महानुभाव परंपरा सांगते. हिराइसा या महानुभाव बाईचा पाठ त्यातलाच. एवढं सगळं होऊन आज आपण ती माणसं बोलताना ऐकतो, कारण लिहिणाऱ्यांनी त्यांची तोंडं पुसून सारखी केली नाहीत. वर्गात हे बोलायला लागले की मला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही असं मुलं म्हणतात. असेल.

वाचून दाखवायच्या कलमानं वह्या बदलल्या का? सगळ्या नाही. झेरॉक्सच्या दुकानदारानं ‘आजीची मुलाखत’ असाही तयार माल काढला, त्याच्या धंद्याला माझा नमस्कार. पण काही वह्या अशा आल्या की त्या मी दोनदा वाचल्या. एका मुलीनं आजीच्या ओव्या आणायचं ठरवलं होतं. पंधरा दिवस ती रिकाम्या हातानं येत राहिली. “मॅडम, आजीला येतात, पण सांगताच येत नाहीत.” मला हे जरा बहाण्यासारखं वाटलं म्हणून एका रविवारी तिच्याबरोबर गेले.

डोंगराच्या पायथ्याची वस्ती. आजी ओट्यावर बसलेली, हात मांडीवर. “बाई, बसा. च्या ठेव गं.” मी ओव्यांचं काढलं. आजीनं एक ओळ म्हटली, दुसरीपाशी अडली, हसली. “न्हाई येत आता. इसारले.” पोरगी माझ्याकडे बघते आहे, बघा, मी सांगत नव्हते? चहा झाला. आजीची सून मागच्या पडवीत हरभरा भरडायला घेत होती, डाळीसाठी. जातं तिथंच जमिनीत बसवलेलं. आम्ही निघणार म्हणून आजी उठली ती वाटेत सुनेपाशी टेकली आणि खुंट्याला तिनंही हात घातला. दोन फेरे झाले. डाव्या हातानं ती मूठ मूठ हरभरा सोडत होती, उजवा हात सुनेच्या हातावर. तिसऱ्या फेऱ्याला तोंड उघडलं. काही अडलं नाही, काही विसरलेलं नव्हतं. फेरा अर्ध्यावर येई तिथं ओळ मोडे, पुरा होई तिथं यमक पडे. त्यातली ही एक:

उसाच्या फडात बाई, पाचटाची केली गादी
मपल्या लेकराला निजविते कोयत्याच्या आधी

पोरीनं मोबाइल काढला, पण घरघरीत आजीचा आवाज बुडत होता. मग ती खाली बसून लिहायला लागली. आजी तिच्यासाठी थांबत नव्हती, तिला थांबताच येत नव्हतं. हात थांबला की ओवी गेली. बहिणाबाईंनी हेच किती सरळ सांगून ठेवलंय:

अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी

या ओळी मी कितीतरी वर्षं ‘काव्यनिर्मितीची प्रक्रिया’ या मुद्द्याखाली शिकवत होते. त्या पडवीत त्या मला कामाच्या पद्धतीबद्दलच्या वाटल्या.

बहिणाबाईंच्याही मागे लिहून घेणारे आहेतच. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षर न शिकलेली. शेतात, घरकामात गाणी होत गेली आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी. विचार करा, कवी असलेल्या मुलाला आईची ओळ ‘नीट’ करण्याचा मोह किती झाला असेल! ‘माले’चं ‘मला’ करायला एक मात्रा पुसून काना पुढे सरकवावा लागला असता, एवढंच. पण पुस्तकात ‘माझी माय सरसोती, माले शिकवते बोली’ असंच राहिलं. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

लिहून घेणाऱ्यांची ही रांग आपल्याकडे फार मागे जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आमच्या कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला आणि त्यावर मान्यवरांचे फोटो भाषेपेक्षा मोठे होते. या दर्जासाठी ज्या गाथासप्तशतीचा दाखला अभिमानानं दिला गेला, ती तरी काय आहे? हाल सातवाहनानं गोळा केलेल्या सातशे गाथा. कोटी गाथांतून निवडल्या म्हणतो तो, कोटीचं सोडून द्या. पण त्या गाथा शेतातल्या, पाणवठ्यावरच्या, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकांच्या आहेत. राजानं त्या गोळा केल्या. तुकोबांच्या अभंगांपाशी चाकणच्या संताजी तेल्याची वही आहे. साने गुरुजींनी खेड्यापाड्यातल्या बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ केलं. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतून खंडामागून खंड काढले. आमच्याकडे लेखकांचे पुतळे होतात, या लोकांच्या नावानं निदान एखादा प्रश्न तरी असावा.

त्यातही एक फरक मी मुलांना मुद्दाम दाखवते. ‘स्त्रीजीवन’मधल्या ओव्या विषयवार लावल्या आहेत: भाऊबहीण, माहेर, सासर, पंढरी. वाचताना जीव हलतो, पण कुठली ओवी कुठल्या बाईची हे कळत नाही. गुरुजींच्या काळी ओवी ही सगळ्यांची, असंच मानत. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात, आणि तिथं ओवीखाली म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. ओवी तीच, पण खाली नाव दिसलं की माझी पोरं वेगळ्या तऱ्हेनं वाचतात. तालुका आपला निघाला तर विचारूच नका, लगेच मामाला फोन जातो.

आता लिहून घ्यायला मोबाइल आहे असं कुणी म्हणेल. आहे ना. एका हुशार पोरानं आजीपुढे फोन धरला, बोललेलं आपोआप टाइप होण्याचं बटण दाबलं आणि निवांत बसला. आजी म्हणाली ‘दळान’, फोननं लिहिलं ‘दालन’. आजी म्हणाली ‘म्या आन् मपली जाऊ’, फोननं लिहिलं ‘मी आणि आपली जाऊ’. फोनलाही चांगलं लिहायची सवय लावलीय म्हणायची, आमच्याच शाळेत शिकला असावा. पण त्या पोरानं ते आजीला वाचून दाखवलं, कलम होतं म्हणून. आजीनं विचारलं, “आपली जाऊ म्हंजी? तुपली बी का?” घरात सगळे हसले, आणि पोरानं पुन्हा हातानं लिहिलं. वहीत त्यानं तो किस्साही टाकला होता. त्याला मी सर्वांत जास्त गुण दिले.

पडवीतल्या आजीच्या नातीची वही शेवटी आली. बारीक, घाईतलं अक्षर, मध्येच ओळ तुटलेली, जिथं तिला पकडता आली नाही तिथं नुसत्या टिंबांची रांग. खाली ठरल्याप्रमाणे: कोण, कुठं, हरभरा भरडताना. ‘मपल्या’ जागच्या जागी. आणि सातव्या पानावर चार ओळी निळ्या पेनानं अशा खोडलेल्या की कागद फाटायचा राहिला होता. मी विचारलं.

“वाचून दाखवल्यावर आजी म्हन्ली, ही नको ठेवू. म्हनायला म्हन्ले, लिवायला न्हाई. तिची नणंद अजून हाये, मॅडम.”

हे माझ्या कलमांत नव्हतं. बाई जात्यावर जे बोलते ते दुसऱ्या बाईपाशी बोलते, पहाटेच्या अंधारात, शेजारी घरघर चालू असताना. सासूबद्दल, नणंदेबद्दल, नवऱ्याबद्दल. त्यातलं काय कागदावर जाऊ द्यायचं हे आजीनं वाचून झाल्यावर ठरवलं, तेही नणंदेचं वय आणि तब्येत लक्षात घेऊन. मी नातीला खोडलेल्या ओळी विचारल्या नाहीत. तिनंही सांगितल्या नाहीत, तिला त्या पाठ असणारच.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. भला माणूस, पण वह्यांची स्वच्छता आणि समास बघणारे. त्यांनी सातवं पान माझ्यापुढे धरलं.

“हे काय मॅडम? एवढी खाडाखोड चालते तुमच्याकडे?”

“ती आजीनं केलीय, सर.”

“कोणत्या आजीनं?”

मुलगी समोरच उभी होती. तिनं आजीचं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, गाव सांगितलं, आणि जोडीला म्हणाली, “सर, तिला लिहिता येत नाही, पण खोडलंय तिनंच.” परीक्षकांनी चष्मा वर केला, पान पुन्हा एकदा बघितलं, आणि विचारलं, “आणि जे ठेवलंय त्यातली एखादी म्हणून दाखवता येईल?”

ती म्हणाली, येईल, पण चालीवर येईल, नुसती वाचून नाही. आणि तिनं टेबलावर उजवा हात ठेवून तो गोल फिरवायला सुरुवात केली.